हिरव्या दिव्याचा भरवसा

आचरा,
५ डिसेंबर २००३

चि. कौस्तुभ यास सत्यवती आत्येचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं "हं, हं" करतोस आणि मला नीट रागावता येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. दिवाळीला आलास, तुझ्या पुण्याच्या ऑफिसने टाकून दिलेला कॉम्प्युटर आमच्या महिला मंडळाच्या खोलीत बसवलास, यशोदेच्या गाण्यांच्या माझ्या सगळ्या कॅसेटी त्यात ओतल्यास आणि जाताना म्हणालास, आता त्या बुरसटलेल्या कॅसेटींची गरज नाही, टाकून दे. तुझा शब्द मी पाळला. कपाट उघडलं तर आतून भपकारा आला. एकेका कॅसेटीवर हिरवी-पांढरी लव चढलेली. बोट लावलं तर ती बोटाला चिकटली आणि पुसली तर लुगड्याला. शाळेत उभा जन्म पोरांची शेंबडी नाकं पुसली, पण अशी शिसारी कधी आली नव्हती. सगळ्या कॅसेटी घमेल्यात भरल्या आणि मागच्या माडाखाली झावळं घालून पेटवून दिल्या.

नेमकी तेव्हा यशोदा मासळीची पाटी रिकामी करून परत निघाली होती. धूर बघून आत आली. काय जळतंय ते मी सांगितलं, तेव्हा नाकाला पदर लावून म्हणाली, "जित्या माणसाक जाळतस काय गो, सत्ये?" मी हसण्यावारी नेलं, पण ते काही मला बरं वाटलं नाही.

तुला ठाऊक आहे, चौथीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर. पुढे ती मासळी विकायला बसली आणि मी शिकवायला लागले. लग्नातली, बारशातली, फुगडीची, नवऱ्याला आणि सासूला शिव्या घालायची, जेवढी गाणी तिला येतात तेवढी या किनाऱ्यावर आता कुणालाच येत नाहीत. तिच्या मुलीने, सुगंधाने, त्यातलं एकही घेतलं नाही. म्हणून मी तिच्यासमोर टेपरेकॉर्डर घेऊन बसत आले.

आता माझा प्रश्न. कॅसेट कुजते म्हणून टाकायला लावलीस आणि वर कॉम्प्युटरच्या बाजूच्या डब्यात घालायला सात नव्या कॅसेटी देऊन गेलास. हे आगीतून फुफाट्यात नव्हे का? आणि ते लिनक्स का काय, ते म्हणे फुकट मिळतं. फुकटचं ते पौष्टिक, हे खाण्यापुरतं ठीक आहे.

तुझी,
सत्यवती आत्या


पुणे,
१४ डिसेंबर २००३

ती. आत्येस कौस्तुभचा साष्टांग नमस्कार.

कॉम्प्युटर चालवणारं हे लिनक्स फुकट आहे, कारण जगभरच्या लोकांनी ते मिळून लिहिलं आणि वाटून टाकलं. आमच्या ऑफिसचे मोठे सर्व्हर त्यावरच चालतात. त्याची काळजी सोड.

त्या सात वस्तू गाण्याच्या कॅसेटी नव्हेत, डेटाच्या टेपा आहेत. गाणी आहेत कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर. ती एक फिरती चकती असते आणि फिरणारी वस्तू आज ना उद्या बंद पडतेच. म्हणून नक्कल हवी. सीडीवर ठेवली असती, पण तुमच्या हवेत सीडीलाही बुरशी लागते. रोज दुपारी मशीन आपण होऊन एक हुकूम चालवील, त्याचं नाव टार, आणि सगळी गाणी टेपेवर पहिल्यापासून उतरवील. आधीचं पुसलं जाऊन त्यावर नवं येतं, म्हणूनच एका टेपेवर कधी विसंबायचं नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर कालचंही गेलं आणि आजचंही नाही. सोमवारची टेप सोमवारी, मंगळवारची मंगळवारी, अशा सातही फिरत्या ठेवायच्या आणि चालू नसतील त्या तुझ्या घरी न्यायच्या. मंडळाच्या खोलीला काही झालं तर घरी नक्कल असेल.

डब्यावर हिरवा दिवा लागला की सगळं सुखरूप समज. मे महिन्यात येईन, तेव्हा टेपेवरून एखादं गाणं परत काढून बघू. तोवर हिरव्या दिव्यावर भरवसा ठेव.

तुझा,
कौस्तुभ


आचरा,
१९ जुलै २००४

चि. कौस्तुभ यास आशीर्वाद.

मे महिना आला, गेला, आंबे संपले. तू काही उगवला नाहीस. त्याबद्दल मी बोलणार नाही, बोलायला दुसरं आहे.

यशोदेला अर्धांगवायूचा झटका आला. मृगाच्या आधी, बाजारात, पाटीसमोर बसलेली असतानाच. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. समजतं सगळं. बोलायला जाते तर घशातून नुसता घोगरा आवाज निघतो. बायका बघायला येतात आणि तिच्या तोंडासमोर "बिचारी काय गात होती" म्हणून डोळ्यांना पदर लावतात, जशी काही ती मेलीच आहे. आणि त्यातल्याच काही जणी घराच्या पायऱ्या उतरता उतरता तिची बाजारातली जागा कुणाला मिळणार याची चौकशी करतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वाचा गेलेल्या माणसाला कधी कधी गाणं आधी परत येतं आणि त्याला धरून शब्द येतात. तिला तिचीच गाणी रोज ऐकवा म्हणाले. म्हणून सुगंधा तिला दुपारची रिक्षातून मंडळात आणते आणि मी कॉम्प्युटर लावते. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकून ती इतकी रडली की बंद करावं लागलं. आता ओठ हलवते. कडव्याच्या शेवटी सुरात हुंकार देते. तिच्यासाठी यापेक्षा दुसरं औषध नाही, कौस्तुभ, हे तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

खोलीची दशा मात्र विचारू नकोस. भिंतींना पोपडे, शिवणवर्गाच्या कापडावर काळे ठिपके, परवा टेबलाच्या खणातून गोम निघाली. अध्यक्षीणबाई येतात, नाक मुरडतात आणि उदबत्ती लावून जातात. ओल आणि उदबत्ती यांचा मिळून जो वास होतो त्याने माझं डोकं उठतं.

टेपांचं सगळं मी सत्यवानाकडे सोपवलंय. शिवणवर्गाच्या मशिनी बघायला तो कट्टा गावाहून येतो, माणूस निर्व्यसनी आणि हाताचा चांगला. पहिल्यापासून तोच बघतो. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं होतं. टेपा त्याने अगदी जपून ठेवल्यात. पाऊस लागल्यावर तुझा तो डबा दुपारी किंचाळायला लागला आणि यशोदेला आवाज सोसवेना. सत्यवानाने एका दिवसात त्याला गप्प केलं. हिरवा दिवा रोज लागतो, मी स्वतः बघते.

तुझी,
आत्या


पुणे,
८ ऑगस्ट २००४

ती. आत्येस सा. नमस्कार.

यशोदामावशीचं वाचून फार वाईट वाटलं. मेमध्ये ऑफिसची जागा बदलली, सगळे सर्व्हर हलवायचे होते, मला रजाच मिळाली नाही.

डबा किंचाळायचा थांबला ना, मग झालं. टेप वाचणाऱ्या भागावर धूळ बसते, सत्यवानदादांनी ती पुसली असेल. त्यांना माझ्यातर्फे शाबासकी दे. हिरवा दिवा लागतोय म्हणजे रोजची नक्कल उतरते आहे. निर्धास्त राहा. गणपतीला नक्की येतो.

घाईत,
कौस्तुभ


आचरा,
१२ ऑक्टोबर २००४

चि. कौस्तुभ,

गणपतीलाही तू आला नाहीस.

काल संध्याकाळी विजा झाल्या. आज कॉम्प्युटर लावला तर आतून टक टक असा आवाज येतो आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी येऊन थांबतात. सुगंधा नेहमीसारखी यशोदेला घेऊन आली. मी सांगितलं, आज मशीन बिघडलंय. यशोदा पडद्याकडे बघत बसली, मग डाव्या हाताने टेबलावर थापटायला लागली. थांबवलं तरी थांबेना. अध्यक्षीणबाई तेवढ्यात आल्या आणि मला बाजूला घेऊन विचारतात, बिघडलाच असेल तर ह्या जागेत पिको-फॉलची मशीन बसेल का. माणसाच्या तोंडून असं काही निघतं आणि ते तोंड तसंच पावडर लावलेलं राहतं, याचं मला नवल वाटतं.

सत्यवान धीर देतो आहे की टेप आहे, टेपेत सगळं आहे. मी यशोदेलाही तेच सांगितलं. आता निमूट ये आणि तिची गाणी परत काढून दे.

आत्या


पुणे,
२ नोव्हेंबर २००४

ती. आत्येस नमस्कार.

परवा आचऱ्याला आलो तेव्हा तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या. पित्त झालंय असं सांगून मी मागच्या माडाखाली जाऊन उभा राहिलो होतो ना, ते पित्त नव्हतं.

टेपेच्या डब्याचं झाकण काढलं. आत खोबरेल. पिवळं, खवट, धुळीत मळून घट्ट झालेलं. त्यात शिवणवर्गाच्या चिंध्यांचे धागे, त्यात मेलेले मुंगळे आणि त्यांना ओढून नेणारे जिवंत मुंगळे. टेप बाहेर काढायला गेलो तर ती लाळेसारखी लांबत आली. मला भडभडून ओकारी झाली.

सत्यवानदादांना विचारलं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मशीन म्हटला काय तेल व्हयाच. आणि ता काळा तेल नाय हां. गाण्यांचो डबो तो, म्हणान घराकडचा खोबरेल घातलंय." पिचकारीने, टेप जाते त्या फटीतून, अधूनमधून. बाकीच्या सहा टेपांचं विचारलं तर कपाटातून काढून दाखवल्या, प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नाही. म्हणाले, "एक चलता हा, तवसर दुसरी कित्याक फोडूची?" साबणाची वडी आहे का ती? पत्र वाचून दाखवलंस म्हणतेस, मग काय ऐकलं त्यांनी? आणि आत्या, तू शिकलेली. सहा टेपा कपाटात पडून आहेत हे तुला एकदाही दिसू नये?

तेल पडल्यापासून, म्हणजे जूनपासूनच, टेपेवर धड काही उतरलेलं नाही. तो हिरवा दिवा फक्त टेप आत आहे एवढंच सांगतो, हे आता माहितीपुस्तकात बघितलं. नक्कल फसली की लिनक्स रोजच्या रोज तक्रारीचं पत्र लिहून मशीनमधल्याच एका पेटीत टाकतं. कुणी उघडून बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. आता ती पेटीही डिस्कबरोबर गेली. डिस्क मी इथे दोघांना दाखवली, विजेने तिचं पार वाटोळं झालंय.

गाणी गेली असं समजून चाल. यशोदामावशीला कसं सांगायचं ते तू बघ.

कौस्तुभ


आचरा,
११ नोव्हेंबर २००४

कौस्तुभ,

कुणी म्हणजे कोण? ती पेटी कुणी उघडायची होती? मी? सत्यवानाने? ती पेटी आहे हे आचऱ्यात कुणाला ठाऊक होतं? तू पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकल्यास. मे महिन्यात एक गाणं परत काढून बघू म्हणालास, आलास का? हिरव्या दिव्यावर भरवसा ठेव हे तुझ्या अक्षरात माझ्याकडे लिहिलेलं आहे आणि त्या दिव्याचा अर्थ तू पुस्तकात बघितलास सगळं संपल्यावर.

सत्यवानाला एक शब्द बोलायचा नाही. त्याने घरचं चांगलं तेल घातलं. तू त्या डब्यात काय घातलंस? तो त्या दिवसापासून मंडळाची पायरी चढलेला नाही, मशिनी गंजत पडल्यात. माझ्या डोळ्यांना सहा टेपा दिसल्या नाहीत हे खरं, आणि त्याचं मला काय वाटतं ते मी तुला सांगत बसणार नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तेलाचं वाचलं, मुंगळ्यांचं वाचलं, आणि काही झालं नाही, या गावात राहणाऱ्याला मुंगळे नवीन नाहीत. पण "कसं सांगायचं ते तू बघ" इथे आले आणि मला तुझी किळस आली. माझ्या भावाच्या मुलाची. लहानपणी तुला यशोदेने खांद्यावर घेऊन खाडीपलीकडे नेलेलं आहे.

मी तिला सांगितलेलं नाही. ती अजून येते. काळ्या पडद्यासमोर बसते, माझ्याकडे बघते आणि वाट बघते. ओठ हलायचे ते आता हलत नाहीत. त्या टेपेतून काहीतरी काढ. कसं ते मला सांगू नकोस. एक गाणं काढ.

सत्यवती


पुणे,
९ जानेवारी २००५

ती. आत्येस साष्टांग नमस्कार.

इतके दिवस त्या टेपेतच गेले, म्हणून पत्राला उशीर झाला.

ऑफिस सुटलं की टेप टेबलावर पसरायचो आणि स्पिरिटच्या कापसाने हाताने पुसायचो, वीत वीत. तो खवट वास माझ्या नखांत बसलाय. घास तोंडाजवळ नेला की येतो. साबण झाला, लिंबू झालं, जात नाही. शेजारच्या टेबलावरच्यांनी जागा बदलून घेतली.

टेपेचा पुढचा भाग गेला. रोज दुपारी मशीन पहिल्यापासून सुरुवात करायचं आणि चिकट्यात अडकेपर्यंत जुन्यावर कचरा लिहायचं. पण अडकल्यानंतरच्या भागावर पावसाआधीची शेवटची चांगली नक्कल तशीच राहिली होती. एरवी नवीन लिहून झालं की मशीन शेवटाची खूण करतं आणि त्यापुढचं वाचूच देत नाही. तुमच्याकडे लिहिता लिहिता मध्येच वीज जायची, त्यामुळे शेवटच्या वेळी ती खूण पडलेली नव्हती. म्हणून उसन्या मशीनवर पुढचं वाचता आलं. वाचलं म्हणजे, सगळी खरखर. कुठे अर्धा सूर, कुठे टाळी. टेपेच्या अगदी शेपटाला मात्र एक तुकडा अखंड निघाला.

तो सीडीवर घालून पाठवतोय. त्यात गाणं नाही. ऐकलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग त्या हसण्याचीच लाज वाटली. त्याच टेपेवर आणखी पंधरा दिवस घालवले, दुसरं काही निघालं नाही. यशोदामावशीला सांगायला मी स्वतः येतो. तू म्हणशील त्या दिवशी.

कौस्तुभ


आचरा,
२७ फेब्रुवारी २००५

चि. कौस्तुभ यास अनेक आशीर्वाद.

तू येण्याची गरज नाही, मी तिला सांगितलं. ते कसं झालं ते लिहिते.

सीडी आली त्या दिवशी आधी मी घरच्या सीडीच्या मशीनवर एकटीने ऐकली. कपबशीचा आवाज येतो. मी म्हणते, आधी चहा घे, मग पुढचं कडवं सांग. मग घोट घेतल्याचा आवाज, आणि मग यशोदा, अगदी स्वच्छ, "शी गो, ह्येका चाय म्हणतत?" मग मी हसते आणि रेकॉर्डर बंद होतो. बस्स. तिच्या आईची, आजीची, साऱ्या किनाऱ्याची गाणी मुंगळ्यांनी खाल्ली आणि माझ्या चहाला ठेवलेलं नाव तेवढं उरलं. मी ती सीडी कोनाड्यात भिरकावली आणि दोन दिवस तिकडे बघितलं नाही. देवाचीसुद्धा किळस येऊ शकते हे मला या वयात कळलं.

तिसऱ्या दिवशी सीडी आणि मशीन पिशवीत घालून तिच्या घरी गेले. तिच्या पायाशी बसून सगळं सांगितलं, कॅसेटी मी जाळल्या तिथपासून. ती भिंतीकडे बघत राहिली. मला तिथून उठता येईना आणि बसवेनाही, आणि देण्यासारखं हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून सुगंधाकडून ती सीडी लावून घेतली. यशोदेने मान वळवली. संपल्यावर बोटाने खूण केली, परत. परत लावली. परत खूण. त्या दिवसापासून ते घर नुसतं "शी गो, शी गो" करत होतं. शेजारणी विचारायला आल्या, घरात कुत्रं मेलंय का. माझ्याच चहाची निंदा ऐकून ऐकून माझे कान किटले. सुगंधा तर म्हणाली की सीडी विहिरीत टाकते.

गेल्या मंगळवारी सुगंधा बाजारात गेली होती आणि मी यशोदेपाशी बसले होते. तिला काहीतरी गरम द्यावं म्हणून त्यांच्या चुलीवर चहा केला. तिच्या डाव्या हातात कप दिला. तिने घोट घेतला. तोंडाची जी बाजू हलते ती वाकडी झाली, आणि ती म्हणाली, "शी गो."

मी आधी सीडीच्या मशीनकडे बघितलं. ते बंद होतं.

मी विचारलं, काय म्हणालीस? तिने कपात बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, पण पुरतं म्हणाली, "शी गो." मला रडू फुटलं. तिने कप तसाच माझ्या पुढ्यात धरला, म्हणजे घेऊन जा.

गाणं अजून आलेलं नाही. येईल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी सुगंधाने दूध, आलं, साखर घालून फर्मास चहा केला, तर यशोदा तो मुकाट्याने पिऊन गप्प बसली. म्हणून आता रोज दुपारी मी घरून पाणचट, बिनसाखरेचा चहा करून नेते आणि ती घोट घेईपर्यंत तिच्यासमोर बसून राहते.

तुझी,
सत्यवती आत्या